पुरलेला गुर्दा

ऑपरेशनच्या खोलीचा दरवाजा अर्धा उघडून वॉर्डबॉयनं देवाजीच्या हातात बरणी दिली, "तुमच्या पेशंटचं आहे," एवढं म्हटलं आणि दरवाजा लावून घेतला. देवाजी बरणी दोन्ही हातांत धरून उभा राहिला. बरणी ओळखीची होती, त्याच्याच घरातली, कैरीच्या लोणच्याची. सकाळी नर्सबाईंनी मोठ्या तोंडाची काचेची बरणी घरून आणायला सांगितली होती आणि धाकट्या भावाची बायको पुष्पलता ती घासूनपुसून घेऊन आली होती. बरणी कशाला हवी हे कुणीच विचारलं नव्हतं. दवाखान्यात माणूस विचारत बसत नाही, सांगतील ते आणून देतो. आता त्या बरणीत, नाकाला झोंबणाऱ्या पाण्यात, देवाजीच्या धाकट्या भावाची, लहानूची, डावी किडनी बुडालेली होती.

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं आणि थंडीचे दिवस होते. लहानू कळमेश्वरकडच्या एका कारखान्यात फिटर होता. दिवाळीनंतर त्याच्या लघवीतून रक्त जायला लागलं. आधी त्यानं लपवलं, मग उष्णतेवर ढकललं, मग उसाचा रस पिऊन पाहिला. शेवटी पुष्पलतानं देवाजीला सांगितलं आणि देवाजीनं त्याला शहरातल्या धर्मादाय दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टर खानझोड्यांनी शिरेतून औषध सोडून फोटो काढले, उजेडासमोर धरून पाहिले, आणि किडनीला गाठ आहे, काढावी लागेल, असं सांगितलं. गाठ एका टोकाला आहे तर मग सगळी किडनी कशाला काढता, असं देवाजीनं विचारलंही. तेवढीच कापून काढायला गेलं तर रक्त थांबवणं अवघड, आणि काही मागं राहिलं की काय याची खात्री कोण देणार, असं डॉक्टर म्हणाले. देवाजीनं मान हलवली. त्याला यातलं निम्मंच कळलं, पण कळलं नाही असं म्हणायची त्याला सवय नव्हती.

ती सवय का नव्हती, तेही सांगायला हवं. देवाजी कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा आणि वस्तीच्या बुद्धविहार कमिटीचा सेक्रेटरी होता. छप्पन सालच्या ऑक्टोबरात तो ऐन विशीत होता. त्यानं स्वतः दीक्षा घेतली, आईला घ्यायला लावली, आणि घरातले देवांचे टाक, शेंदराचे दगड सगळे पोत्यात भरून नदीत सोडून आला. तेव्हापासून वस्तीत कुणी उतारा टाकला, कुणाच्या अंगात आलं, की देवाजी तिथं हजर. बोलणं पण असं, की समोरच्याला वाटावं, आपण आजवर जगलो ते चुकूनच. कोणत्याही प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर असायचं आणि ते तो न विचारताही द्यायचा.

आणि आता हा सेक्रेटरी बरणी घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होता आणि हिचं करायचं काय, हे त्याला कळत नव्हतं. सकाळची नर्स ड्यूटी संपवून गेली होती. दुपारच्या नर्सला वाटलं, सकाळचीनं बरणीचं सांगितलं असेल. पुष्पलता आत नवऱ्याच्या उशाशी बसली होती आणि लहानू गुंगीत होता. त्याला डाव्या कुशीपासून बेंबीपर्यंत कापलं होतं, एक बरगडीही काढावी लागली होती. अशा वेळी कुणाला जाऊन विचारायचं की ही बरणी कुठं ठेवू?

मग देवाजीला गणपतरावाचा अंगठा आठवला. मिलमध्ये गणपतराव म्हणून जोडीदार होता, त्याचा अंगठा पट्ट्यात सापडून तुटला. मिलच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तो फडक्यात गुंडाळून नातेवाइकांच्या हवाली केला होता आणि नातेवाइकांनी तो रीतसर पुरला होता. देवाजी स्वतः तेव्हा बरोबर होता. माणसाचं जे शरीरातून सुटतं ते त्याच्या माणसांकडे द्यायचं, अशी दवाखान्यांची रीतच असावी. मेल्यावर देह देतात, तसाच हा तुकडा दिला. एवढं उत्तर सापडल्यावर त्याला बरं वाटलं. त्यानं बरणी पिशवीत घातली, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि तो घरी निघाला.

त्याचं घर नंदनवन वसाहतीच्या पलीकडच्या जुन्या वस्तीत होतं. भोवती तेव्हा नुकते प्लॉट पडत होते, रस्त्यांना खडी होती पण डांबर नव्हतं. प्रत्येक खड्ड्यागणिक बरणी पिशवीत डुचमळे आणि देवाजीचा जीव खालीवर होई. बरणी एका हातानं सावरत, दुसऱ्या हातानं हँडल धरत तो विचार करत होता. पुरायची तर खरी, पण कशी? काही म्हणायचं की नाही? दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा त्याला तोंडपाठ होत्या. त्यात काय करू नये ते स्वच्छ सांगितलं होतं, पण जिवंत माणसाच्या किडनीचं काय करावं, हे कुठंच नव्हतं. विहारापाशी तो जरा थांबला. अंत्यविधीची गाथा म्हणावी, तर माणूस मेलेला नाही. न म्हणावी, तर भावाचं मांस आहे, उंदीर-घुशीसारखं कसं मातीत ढकलायचं? विहाराला कुलूप होतं. देवाजी पुढं निघाला.

घरी बायजाबाईनं पिशवी उघडून पाहिली. बायजाबाई म्हणजे या दोघांची आई आणि वस्तीची सुईण. निम्मी वस्ती तिच्या हातांवर जन्मली होती आणि जन्मल्यावर पहिली आंघोळही तिच्याच हातची झाली होती. देवाजीनं दीक्षेनंतर तिच्या पुष्कळ गोष्टी बंद केल्या, पण बाळंतपणात तो तोंड घालत नसे. तिथं तिचंच राज्य होतं. तिनं बरणी उजेडात धरली, फिरवून पाहिली, आणि आता काय करायचं हे देवाजीसारखं तिला मुळीच शोधावं लागलं नाही.

"लहानूची वार मीच पुरली होती, न्हाणीच्या मागं," ती म्हणाली. "तो जन्मला तवा त्याच्यासंगं जे आलं ते तिथं आहे. हेही त्याच्याच आंगातलं. तिथंच ठेवू."

देवाजीनं आधी आपली अट घातली. हळदकुंकू नाही, दिवा नाही, नारळ नाही. बायजाबाई म्हणाली, बरं, नको. पण झोंबणाऱ्या पाण्यात माखलेलं तसंच मातीत ठेवायला ती तयार होईना. त्याला धुवायला पाहिजे, म्हणाली. याला देवाजीची हरकत नव्हती, स्वच्छता तर कमिटीच्या कामातच येत होती.

मग बायजाबाईनं चुलीवर पाणी कोमट केलं. न्हाणीच्या दगडावर पाय लांब करून ती बसली, तान्ह्या लेकराला न्हाऊ घालताना बसते तशी. नडग्यांवर तिनं परात ठेवली, बरणीतलं पाणी नालीत ओतून दिलं आणि तो गुर्दा परातीत घेतला. त्याच्यावर पिवळ्या चरबीचा थर होता. लेकरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावरही असाच चिकटा असतो आणि सुईण तो डाळीच्या पिठानं चोळून काढते. बायजाबाईनं डाळीचं पीठ घेतलं. तिनं हलक्या हातानं, न घाई करता, तो थर सगळा सोडवला. त्याच्याखाली कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ साल होती, तीही बोटांनी सोलून काढली. पाणी ओतत गेली आणि चरबी, साल सगळं नालीतून वाहून गेलं. आत तपकिरी-लाल, गुळगुळीत गुर्दा निघाला आणि त्याच्या एका टोकाला पिवळसर, ओबडधोबड गाठ. गाठीवरूनही तिनं हात फिरवला, तिलाही चोळून लख्ख केलं. ती काही तरी पुटपुटत होती. देवाजीनं कान दिला, तर ती गुर्द्याशी बोलत होती, लेकराशी बोलावं तसं. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

दिवस मावळायच्या आत न्हाणीमागं खड्डा झाला. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर एक फरशी ठेवली. देवाजी हात जोडून उभा राहिला, गाथा मात्र म्हटली नाही. पण मनातून त्याला बरं वाटत होतं. भावाचं काही उकिरड्यावर गेलं नाही. बरणी पुन्हा घासून त्यानं फळीवर उपडी घातली.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला तर लहानू शुद्धीवर होता. दुखतं म्हणत होता, पण बोलत होता. पुष्पलतानं त्याला चमच्यानं पाणी पाजलं होतं. देवाजी भावाशी बोलत असतानाच डॉक्टर खानझोडे आले. त्यांनी टाके पाहिले, समाधानानं मान हलवली आणि देवाजीला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. तपासणीवाले रिपोर्ट कधी देतो म्हणाले, असं त्यांनी विचारलं. कोणते तपासणीवाले, असं देवाजीनं विचारलं. मेडिकल कॉलेजातले, डॉक्टर म्हणाले, जिथं तुम्ही बरणी नेऊन दिली तिथले.

"बरणी घरी आहे साहेब," देवाजी म्हणाला. "धुऊन ठेवली."

"आणि किडनी?"

"पुरली."

डॉक्टर खानझोडे व्हरांड्यातल्या बाकावर बसले. देवाजी उभाच होता. आपण काही तरी केलं आहे हे त्याला कळत होतं, काय केलं ते कळत नव्हतं. डॉक्टर रागावले असते तर सोपं होतं, राग त्याला ओळखू आला असता. पण डॉक्टरांनी हळू आवाजात एवढंच विचारलं की तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही का? देवाजी म्हणाला, नाही. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि म्हणाले की मग चूक आमची आहे, आणि भोगणार तुम्ही.

मग त्यांनी समजावून सांगितलं. गाठ म्हणजे कॅन्सरच असेल असं नाही, पण असू शकतो. डोळ्यांनी बघून नक्की सांगता येत नाही. तिचे पातळ काप करून यंत्राखाली पाहावे लागतात. कॅन्सर निघाला आणि किडनीवरची साल फोडून बाहेर आला असेल, तर कुशीत उरलेलं जाळायला किरणांची लाईट द्यावी लागेल, आणि तीही लवकर, मुंबईला नेऊन. पण कॅन्सर नसेल किंवा सालीच्या आतच असेल, तर लाईट उगाच देणं म्हणजे चांगल्या आतड्याला आणि अंगाला भाजून काढणं. माणूस त्यानं खंगतो. एकच किडनी उरलेल्या माणसाला तर जपून वागवायला हवं. द्यायची की नाही, हे त्या बरणीवर अवलंबून होतं.

"आजच उकरून आणा," डॉक्टर म्हणाले. "जशी असेल तशी. आणि कॅन्सर हा शब्द पेशंटपुढं काढू नका."

देवाजी सायकलवर बसला. डोक्यात सगळं उलटंपालटं होत होतं. गणपतरावाचा अंगठा कुणी का तपासला नाही? तपासायचीच होती तर वॉर्डबॉयनं 'तुमच्या पेशंटचं आहे' असं का म्हटलं? आणि आपण, जो साऱ्या वस्तीला विचार करा, प्रश्न विचारा म्हणून सांगत फिरतो, त्यानं तिथं एक प्रश्न का विचारला नाही? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याला माहीत होतं आणि म्हणून तो पॅडल जोरात मारत होता. त्याला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटत होती.

घरी त्यानं फावडं घेतलं आणि आईला सांगितलं की डॉक्टर गुर्दा परत मागतात. बायजाबाई ऐकायला तयार नव्हती. मातीला दिलेलं परत घेतलं तर माती उरलेलंही मागते, असं तिचं म्हणणं होतं. तिच्या एवढ्या वर्षांच्या सुईणपणात कुणी पुरलेली वार उकरली नव्हती. आणि आज सकाळी लहानू बोलला, पाणी प्याला, हे कशानं? मातीनं मान्य करून घेतलं म्हणूनच ना? ती जाऊन त्या फरशीवर बसली.

हे असलं बोलणं देवाजीनं वस्तीत शंभरदा खोडून काढलं होतं. आता मात्र त्याचा हात फावड्याच्या दांड्यावर होता आणि तो उचलवत नव्हता. तो घाबरला होता. खरंच उकरलं आणि खरंच लहानूला काही झालं तर? असं काही नसतं, हे त्याला ठाऊक होतं. पण आपण नक्की काय मानतो, हेच त्याला त्या वेळी सांगता आलं नसतं. विहार कमिटीतल्या कुणी त्याला त्या अवस्थेत पाहिलं असतं तर सेक्रेटरी बदलायची वेळ आली असती.

तेवढ्यात पुष्पलता आली. डॉक्टरांनी देवाजीशी काय बोलणं केलं, ते तिनं दाराआडून ऐकलं होतं आणि नवऱ्यापाशी शेजारच्या पेशंटच्या बाईला बसवून, रिक्षा करून ती मागोमाग निघाली होती. तिनं सासूला फरशीवर बसलेलं पाहिलं, थोरल्या दिराला फावडं धरून उभं पाहिलं, आणि ती रडली नाही की ओरडली नाही. सासूच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि डॉक्टर जे पेशंटला सांगू नका म्हणाले होते, ते तिनं सगळं सासूला सांगितलं. गाठ कॅन्सरची असेल तर लाईट द्यायची. नसेल तर द्यायची नाही. कोणती, ते या गुर्द्यात आहे.

"आत्याबाई, मातीचं मले समजत नाही," ती म्हणाली. "मले एवढं समजते की तिथं पाहून घेतलं नाही तं आपण आंधळेपणानं त्याले मुंबईले पाठवू, नाही तं आंधळेपणानं घरी ठेवू."

बायजाबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग देवाजीच्या फावड्याकडे पाहिलं. लोखंड लावू नको, लागेल त्याले, असं म्हणत ती उठली, फरशी सरकवली आणि बोटांनी माती उकरायला लागली. कुणाला हात लावू देईना. मीच ठेवलं, मीच काढीन, एवढंच म्हणत होती. गुर्दा वर आल्यावर तिनं पदरानं त्याची माती पुसली, आणि तो पुन्हा त्याच बरणीत गेला.

कॉलेजच्या तपासणी खात्यात एक उंच, चष्म्याच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बरणीचं झाकण काढलं आणि आतला प्रकार पाहून त्या काही बोलायच्या आधीच देवाजीनं सगळं घडाघडा सांगून टाकलं. मातीत किती वेळ होती, असं त्यांनी विचारलं. रात्रभर, देवाजी म्हणाला. थंडी आहे ते बरं झालं, त्या म्हणाल्या, आतून काही तरी मिळेल. मग त्यांनी गुर्दा ट्रेमध्ये काढला, चिमट्यानं फिरवला आणि थांबल्या. वरचं आवरण कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. चरबी आणि साल, गाठीवरचीसुद्धा. हे कुणी काढलं?

"धुतलं," देवाजी म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी चिमटा खाली ठेवला. धुऊन एवढी साल निघत नाही, असं त्या म्हणाल्या. मग देवाजीला सांगावं लागलं की त्याची आई सुईण आहे. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. बघते, म्हणाल्या.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस देवाजीनं कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. मिलमध्ये साच्यावर धागा तुटला तरी त्याला दिसत नसे. विहारात रविवारी कुणी तरी काही विचारलं तर तो म्हणाला, बघू. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, देवाजीच्या तोंडी हा शब्द कुणी ऐकला नव्हता.

शेवटी डॉक्टर खानझोड्यांनी बोलावून सांगितलं. गाठ कॅन्सरचीच आहे. आतला भाग नीट वाचता आला. पण ती सालीच्या आत होती की साल फोडून बाहेर आली होती, हे सांगता येत नाही, कारण साल आणि चरबी उरलेलीच नाही. ज्या जागी पाहायचं होतं, नेमकी ती जागा गेली. लाईट देणंही बरोबर असू शकतं, न देणंही. माझा कल द्यावी याकडे आहे, ते म्हणाले, पण मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. घरचे कर्ते तुम्ही आहात, विचार करून सांगा.

देवाजी घरचा कर्ता होता खरा. दवाखान्याच्या गेटवर त्यानं चहा मागवला आणि तो गार होईपर्यंत समोर धरून बसला. लाईटला हो म्हणावं, तर गरज नसताना भावाला भाजून आणल्यासारखं. नाही म्हणावं, तर उद्या कुशीत पुन्हा काही उठलं तर त्याच्या बायकोला काय तोंड दाखवायचं? पुन्हा पुन्हा त्याच्या डोळ्यांसमोर ती परात येत होती आणि तिच्यातून नालीत जाणारं पाणी. ते पाणी तो तिथंच उभा राहून पाहत होता. त्याला त्यातलं काहीच कळत नव्हतं, आणि आता दुसऱ्याच्या जिवाचं ठरवायला तो बसला होता. चहा तसाच ठेवून तो उठला, वॉर्डात गेला आणि डॉक्टरांनी जे सांगू नका म्हटलं होतं ते त्यानं लहानूला सगळं सांगितलं. बरणीपासून सालीपर्यंत, काही न लपवता.

लहानू छताकडे बघत ऐकत होता. कॅन्सर हा शब्द आला तेव्हा त्याचा हात पुष्पलताच्या हाताकडे गेला. डाळीच्या पिठाचं आलं तेव्हा तो हसायला लागला. टाक्यांवर हात दाबून धरून हसला, दुखतं म्हणून कण्हला आणि पुन्हा हसला. मायनं मले दोनदा न्हाऊ घातलं म्हणजे, असं म्हणाला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि मग तो कितीतरी वेळ रडत राहिला. देवाजी पलंगाची चादर सारखी करत राहिला.

डोळे पुसून लहानू म्हणाला, जातो मुंबईले. देवाजीनं विचारलं, नक्की? तर तो म्हणाला की नक्की काहीच नाही, पण घरी बसून रोज कूस चाचपण्यापेक्षा ते बरं. मग त्यानं देवाजीचं मनगट धरलं.

"मायले सालीचं सांगू नको, दादा. मरेपर्यंत सांगू नको."

दुसऱ्या दिवशी बायजाबाई दवाखान्यात आली. लहानूच्या डोक्याखाली हात घालून तिनं त्याला पेज पाजली. ती पाजता पाजताच बोलली. कॉलेजातल्या बाईनं गुर्दा पाहिला का? पाहिला, देवाजी म्हणाला. मी धुतलं ते बरं केलं ना, तिनं विचारलं, का धुवायचं नव्हतं? देवाजीच्या आधी लहानूच बोलला. तुह्या धुण्यानंच टिकला तो, माय, म्हणाला. बाई म्हणे, इतका साफ गुर्दा कधी आला नाही. बायजाबाईनं आणखी एक चमचा त्याच्या तोंडाशी नेला.

"मंग साफ होता," ती म्हणाली, "तं बाईले सगळं दिसलं असंल. मंग मुंबईले काहून पाठवून राहिले तुले?"

लहानूनं देवाजीकडे पाहिलं. पुष्पलता खिडकीकडे वळली. देवाजीकडे आजवर प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. सालीचं वगळून जे खरं होतं तेवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"मले नाही समजत, माय."

बायजाबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिनं त्याच्याकडून हे कधी ऐकलं नव्हतं. मग तिनं एकदा आपल्या हातांकडे पाहिलं. वाटीतली पेज संपेपर्यंत तिनं लहानूला भरवलं, वाटी धुतली आणि ती घरी गेली.

लहानू मुंबईला जाऊन आला. तिकडून परतला तेव्हा डावी कूस करपून काळी पडली होती आणि अंगावर मांस उरलं नव्हतं. वर्षभरानं तो पुन्हा कारखान्यात जायला लागला. लाईटनं वाचला की तिची गरजच नव्हती, हे डॉक्टर खानझोड्यांनाही सांगता आलं नाही आणि देवाजीनं पुन्हा विचारलंही नाही. घरात त्या गोष्टीचा विषय कुणी काढला नाही.

वस्तीत लेकरं जन्मतच होती. पण बायजाबाई त्या हिवाळ्यानंतर कुणाच्या बाळंतपणाला गेली नाही. बोलावणं आलं की आता हात दुखतात म्हणून सांगायची, आणि दारातूनच परत पाठवायची.